इंदुबाई आणि शाळेची कणीक

आमच्या वरच्या मजल्यावर अमिता राहते. बँकेत अधिकारी आहे, इथे जयपुरातच, झोटवाड्याच्या शाखेत. तिचे मिस्टर पृथ्वीराज फौजेत, सध्या सरहद्दीवर, त्यामुळे घरात असतात ते फक्त फोनवर. मुलगा गौरांग साडेतीन वर्षांचा. पण मला लिहायचं आहे ते अमिताच्या सासूबाईंबद्दल. इंदुबाई. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावच्या, तिसरीपर्यंत शिकलेल्या, वय साठीच्या अलीकडे की पलीकडे ते त्यांनाही माहीत नाही. गौरांग सहा महिन्यांचा असताना अमिताची रजा संपली, तेव्हा त्या जयपूरला आल्या त्या आल्याच. गावाकडे कोंडिबा, म्हणजे त्यांचे मालक, दोन म्हशी घेऊन एकटे राहतात.

जानेवारीतली गोष्ट. सकाळची कामं उरकून मी गॅलरीत उन्हाला बसले होते. खालच्या गल्लीत पोरं पतंग उडवत होती. इंदुबाई जिन्यावरून उतरल्या, फोन दोन्ही हातांनी धरलेला, जणू दुधाचं पातेलंच.

"बाई, हिला काय झालंय बघ गं जरा."

फोनमध्ये एक तरुण बाई होती. ती परातभर तांदूळ घेऊन त्यात निळा रंग कालवत होती आणि हसत होती.

"अक्कल गहाण टाकलीय का हिनं? चांगला बासमती दिसतोय."

मी आवाज मोठा केला. बाई हिंदीत सांगत होती की रंगवलेले तांदूळ एका टबात घाला, त्यात चमचे, वाट्या ठेवा, आणि मुलाला तासभर खेळू द्या.

"आणि मग?" इंदुबाई म्हणाल्या.

"मग काही नाही. मग संपलं."

"तांदळाचं काय करायचं?"

ते बाईनं सांगितलं नव्हतं. मी पुन्हा लावून पाहिलं. खरंच सांगितलं नव्हतं.

या फोनच्या मागे हकीकत अशी होती. खातीपुऱ्यात एक लहानशी शाळा आहे, तिथे एप्रिलपासून गौरांगला नर्सरीत घालायचं अमितानं ठरवलं होतं. डिसेंबरात ती त्याला दाखवायला घेऊन गेली. तिथल्या मोठ्या मॅडमनी त्याच्या हातात रंगीत खडू दिला, तर त्यानं तो मुठीत धरून ठेवला. नाव विचारलं तर आईच्या ओढणीत शिरला. मॅडम म्हणाल्या, घरी याच्याकडून काही करून घेत नाही का? दोन-तीन महिने खेळ घ्या, हातानं कामं करून घ्या, मार्चमध्ये परत आणा, मग बघू. आणि त्यांनी अमिताला पालकांच्या एका ग्रुपमध्ये घातलं. तिथे रोज एक खेळ येतो. अमिता नऊला जाते, सातला येते. म्हणून जुना फोन सासूबाईंच्या हाती आला.

त्या तांदळाच्याच दिवशी संध्याकाळी अमिता जिन्यात सासूबाईंशी बोलली, ते मी ऐकलं. चोरून नाही, दार उघडं होतं.

"आई, मार्चमध्ये शाळेनं घेतलं तर छानच. साडेबाराला सुटेल, पुढे तुमच्याजवळ राहील. नाही घेतलं तर मी त्याला डे-केअरला घालणार. सकाळी नऊ ते सात. तिथे सगळं शिकवतात. मग तुम्हीपण गावाकडे मोकळ्या. बाबा किती दिवस एकटे राहणार?"

ती वाईट बोलली नव्हती. दमलेली होती. पण "मोकळ्या" हा शब्द इंदुबाई पुढे तीन-चार दिवस घोळवत होत्या. "मी बांधलेली कवा हुते, बाई?"

तर असा हा फोन. आणि इंदुबाईंचा गोंधळ असा की त्यात येणाऱ्या निम्म्या गोष्टी त्यांना खेळ वाटतच नव्हत्या. एक दिवस आलं, चिमट्यानं वाटाणे उचलून या वाटीतून त्या वाटीत टाकायचे.

"हाताला काय झालंय?" त्या म्हणाल्या. जानेवारीत जयपूरला मटारचे ढीग लागतात. त्यांनी दोन किलो शेंगा आणल्या आणि नातवाला घेऊन सोलायला बसल्या. चिमटा नव्हता, बोटं होती. पहिल्या दिवशी त्यानं चार शेंगा सोलल्या आणि नऊ दाणे खाल्ले. आठवड्यानं तो एकटा ताटलीभर दाणे काढायला लागला.

"ह्याला शाळंत काय म्हणत्यात?"

"ॲक्टिव्हिटी."

"आम्ही कामच म्हणायचो."

पण तांदळाचं त्यांना पटेना. अन्नाशी खेळायचं आणि टाकून द्यायचं, हे त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. माझ्याही हातून झालं नसतं. दोन दिवस विचार करून त्यांनी आपला मार्ग काढला. थोडे तांदूळ हळदीनं पिवळे केले, थोडे बिटाच्या रसात लाल, थोडे पालकात हिरवे. गौरांगनं त्यात तासभर वाट्या भरल्या, ओतल्या, बोटांनी रस्ते काढले. मग त्यांनी त्या सगळ्याचा भात शिजवला. वाटीभर माझ्याकडेही आला. दिसायला विचित्र होता, चव बरी होती.

त्या दिवसापासून नियम झाला. खेळलं की खायचं. मध्ये हात जोडायचे, देवाला दाखवायचं, आणि जे आपल्या हातानं केलं ते पानात टाकायचं नाही की थुंकायचं नाही.

फेब्रुवारीत ग्रुपवर आलं, कागदावर डाळी चिकटवून मोर करा. इंदुबाईंनी परातीत मोर केला. मुगाचं अंग, मसुराचा तुरा, तुरीचा पिसारा, डोळ्याला एक मिरी. गौरांगनं पिसाऱ्याचं निम्मं काम केलं. मी त्यांच्याच फोननं फोटो काढून ग्रुपवर टाकला. दहा जणींनी विचारलं, डिंक कोणता वापरला? तोवर मोर कुकरमध्ये गेला होता.

"काय इचारत्यात?"

"चिकटवलंत कशानं, म्हणतायत."

"सांग, फोडणीनं."

बटाट्याचे ठसे झाले, त्याची भाजी झाली. चौकोन, त्रिकोण शिकवायचे होते तर शंकरपाळे झाले. एकदा त्यानं कणकेचा हत्ती केला, सोंड फार जाड झाली, तव्यावर बाहेरून करपला आणि आतून कच्चा राहिला. मी म्हटलं, राहू दे रे. पण तो डोळ्यांत पाणी आणून चावत राहिला, सोंड शेवटपर्यंत खाल्ली. इंदुबाईंनी त्याच्या पाठीवर हात फिरवला. मला तेव्हा कौतुकच वाटलं होतं.

आणि मग आले दिवे. ग्रुपवर मातीचे दिवे होते. इंदुबाईंना ते बघितल्यावर कणकेचे आठवले, आषाढातल्या दिव्याच्या अवसेचे. गूळ घालून कणीक मळायची, दिवे करायचे, वाफवायचे, ओवाळायचे, आणि तूप घालून खायचे. पण अवस कुठे होती? फाल्गुन चालू होता.

"अवस नसताना चालतंय का गं?" त्यांनी मला विचारलं.

मला माहीत नव्हतं. माहेरी असं कुणी केलं नव्हतं. मी म्हटलं, मावशी, आधी देवापुढे ठेवा, मग काही हरकत नसावी. एवढा माझाही त्यात हात आहे, म्हणून सांगते.

गौरांगला दिवा फार आवडला. अंगठ्यानं मध्ये दाबायचं, कडेनं बोटं फिरवायची, वातीच्या जागी चिमटी घेऊन चोच काढायची. पंधरा दिवसांत त्याचा दिवा माझ्यापेक्षा नेटका व्हायला लागला. मुठीत खडू धरून बसणारा मुलगा हाच का, असं वाटायचं. शब्दही फुटले. "आज्जी, तूप." "आज्जी, अजून एक." इंदुबाई त्याच्यासमोर मांडी घालून बसायच्या, पदराला पीठ, कपाळाला पीठ. एकदा पृथ्वीराजची आठवण काढून मला म्हणाल्या, "पिरथीला मी खेळवलाच न्हाई. दिवसभर रानात. सासूच बघायची. संध्याकाळी यायचे तवा झोपलेला असायचा. लेकराच्या हाताची बोटं कशी हायती, हे मला त्याच्या लग्नात अंगठी घालताना कळलं."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात अमितानं अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि सासूबाई नि मुलाला घेऊन शाळेत गेली. दुपारी दोन वाजता तिघं परत आली. माझ्या दारावरून जाताना कुणीच थांबलं नाही. थोड्या वेळानं अमिता एकटी खाली आली.

"ताई, त्यानं प्ले-डो खाल्लं."

"काय खाल्लं?"

"मुलांना खेळायला देतात ती रंगीत कणीक. सगळं चांगलं चाललं होतं हो. मणी ओवले, रंग ओळखले. नाव पण सांगितलं. मग त्यांनी हिरवा गोळा दिला. त्यानं छान दिवा केला, मॅडम 'वेरी गुड' म्हणेपर्यंत यानं हात जोडले आणि खाऊन टाकला. पूर्ण! टीचर ओरडायला लागल्या, तोंडात बोट घालायला लागल्या, तर हा दात आवळून बसला. मॅडम म्हणाल्या, बच्चा चीज़ें मुँह में डालता है, अभी रेडी नहीं लगता, हम बताएँगे." तिला रडू येत होतं. "दोन महिने आईंनी त्याला खायलाच शिकवलं. खायलाच!"

ती वर गेली आणि पंधरा मिनिटांनी इंदुबाई आल्या. तीच गोष्ट त्यांनी सांगितली, पण मला ती दुसरीच वाटली.

"लेकरानं असा दिवा केला, बाई, की बघत राहावं. चोच काढली. देवाला दावायचा तर तिथं देव न्हवता, मग भिताडावर हत्तीचं चित्र हुतं त्याला दावला. हात जोडलं. आन् खाल्ला. त्या बायांनी मीठ किती घातलं हुतं त्यात, डोळ्याला पाणी आलं त्याच्या. पर थुकला न्हाई. मला वाटलं आता म्हणतील, कसं गुणाचं लेकरू हाय. तर ह्या वरडाय लागल्या." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मी इचारते, चुकलं काय?"

दोघींचं ऐकून मला कळेना की मुलगा परीक्षेत कुठे चुकला. दोन महिन्यांत त्याला जे जे शिकवलं होतं ते ते त्यानं बरोबर केलं होतं. मीठ जास्त झालं हीच काय ती चूक, आणि तीही शाळेची.

त्या संध्याकाळी अमितानं फोनवर सासूबाईंचं पुण्याच्या गाडीचं तिकीट काढलं. पुढच्या रविवारचं. शाळेचा निरोप आला नव्हता, पण तिनं नकार आला असंच धरलं. डे-केअरला फोनही करून झाला. इंदुबाईंनी पत्र्याची पेटी काढली. कोंडिबांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते, त्यांनी तो स्पीकरवर टाकला होता.

"ये की मग," कोंडिबा म्हणाले. "पोरगं मोठं झालं आता. हिकडं म्हस आटलीया, मला चूल फुकाय लावलीस साठाव्या वर्षी."

"गॅस हाय की घरात."

"त्ये काडी लावायला माणूस लागतंय."

"तीन वरसं कोण लावत हुतं?"

"मीच की. म्हणून तर म्हणतोय." आणि थोडं थांबून, "नातू रडंल का गं?"

इंदुबाईंना फोन बंद कसा करायचा ते आठवेना म्हणून पदराखाली झाकून ठेवला. आतून कोंडिबा बराच वेळ "हालो, हालो" करत राहिले. शेवटी मीच बंद केला.

दोन दिवसांनी सकाळी अमिता बँकेत गेल्यावर इंदुबाई माझ्याकडे आल्या. इरकल नेसलेल्या, हातात स्टीलचा डबा, शेजारी गौरांग, केस तेल लावून बसवलेले.

"मला त्या बाईकडं ने. माझं हिंदी तिला कळायचं न्हाई. तू सांग."

"काय सांगू, मावशी?"

"दिवं खात्यात म्हणून सांग. हे बघ, करून आणल्यात. तिनं खाल्लं की तिला कळंल."

अमिताला विचारायला हवं होतं. मला ते वाटलंही. पण मी चपला घातल्या. ई-रिक्षानं गेलो. वाटेत मी मनातल्या मनात गणपतीचं नाव घेत होते आणि हिंदीत वाक्यं जुळवत होते. 'कणकेचे दिवे' हिंदीत सोपं आहे. 'अवस' सांगणं सोपं आहे. पण अवस नसतानाही का केले, हे मला मराठीतही सांगता येत नव्हतं.

मोठ्या मॅडम पन्नाशीच्या, चष्मेवाल्या, आवाजानं मऊ. रागावल्या नव्हत्या. बसा म्हणाल्या. मी सांगायला सुरुवात केली.

"मॅडमजी, वो ऐसा है, कि हमारे में आटे के दीये बनाते हैं. और खाते हैं."

"दीये खाते हैं?"

"जी. उबालकर."

"बत्ती के साथ?"

"नहीं जी, बत्ती निकालकर."

"हमारे यहाँ भी आटे का दीया होता है," मॅडम म्हणाल्या, "पर वो तो पूजा के बाद गाय को देते हैं. गाय खाती है."

हे मी इंदुबाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "बरोबरच हाय. पर ह्यांच्या दाराशी गाय येती. आम्ही दुसऱ्या मजल्यावर."

मग त्यांनी डबा उघडून मॅडमच्या पुढे ठेवला. पाच दिवे, वर तूप. मॅडमनी वास घेतला, "कितने सुंदर हैं," म्हणाल्या, आणि हात मागे घेतला. "पर मेरा तो आज ग्यारस है, बहनजी. अन्न नहीं लेती."

ग्यारस म्हणजे एकादशी. मी इंदुबाईंकडे पाहिलं आणि त्यांनी माझ्याकडे. उपास तर आम्हा दोघींनाही होता. सकाळपासून चहावर होतो. पण मॅडमनाही असेल हे डबा भरायच्या घाईत दोघींच्याही ध्यानात आलं नाही. तीन बायका टेबलाभोवती, मध्ये तूप घातलेले दिवे, आणि खाणारं कुणीच नाही. गौरांगनं एक उचलला, हात जोडले आणि खाल्ला.

मॅडम बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "देखिए, बात खाने की नहीं है. अच्छी बात है, अपना रिवाज है. पर यहाँ पच्चीस बच्चे हैं. बच्चे को समझना पड़ेगा कि क्या खाना है और क्या नहीं खाना. वो समझेगा?"

मी सांगितलं. इंदुबाई म्हणाल्या, "समजंल की. माझं ऐकतोय."

मॅडम उठल्या, कपाटातून झाकणाचा डबा काढला आणि त्यातला हिरवा गोळा गौरांगच्या हातावर ठेवला. कुणी काही सांगितलं नाही. त्यानं गोळा तळव्यात फिरवला, अंगठा दाबला, कड सारखी केली, चोच काढली. त्या खोलीत पंख्याचाच काय तो आवाज. दिवा झाला. त्यानं तो समोर धरला, हात जोडायला दिवा टेबलावर ठेवला, हात जोडले. मग उचलला आणि आजीकडे पाहिलं. मागच्या वेळचं मीठ आठवलं असावं.

"आज्जी, खाऊ?"

इंदुबाईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. आता काय बोलायला हवं ते त्यांना कळलं होतं, पण तोंड उघडेना. ज्या बाईनं मोर शिजवला, तिला हे बोलायचं होतं.

"न्हाई बाळा," त्या शेवटी म्हणाल्या. "खायाचं न्हाई."

"का?"

"ते शाळंचं हाय."

त्यानं विचार केला. "मग कुणाला द्यायचं?"

इंदुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मॅडमकडे पाहिलं.

"क्या पूछ रहा है?"

"पूछ रहा है, कि फिर किसको देना है."

मॅडम हसल्या, चांगलं हसल्या. "किसी को नहीं देना, बेटा. खेल लिया न? अब डिब्बे में." आणि त्यांनी त्याच्या हातातून दिवा अलगद घेतला, मुठीत दाबून त्याचा गोळा केला, डब्यात टाकला, झाकण लावलं.

गौरांग आधी डब्याकडे बघत राहिला. मग असा रडला की बाहेरची आया धावत आली. पडल्यावर रडतो तसा नाही. कुणी काहीतरी मोडल्यासारखा. इंदुबाईंचा हात त्याच्याकडे निम्मा गेला आणि परत मांडीवर आला. त्यांना वाटलं असेल, जवळ घेतलं तर तेही चूक म्हणून लिहितील.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दादीजी ने मना किया तो मान गया. ये बहुत अच्छा है. पर इतना रोया क्यों? गोला ही तो था."

मी म्हटलं, "जी." मला कारण माहीत होतं असं वाटत होतं, पण हिंदीत काय, कुठल्याच भाषेत सांगता आलं नसतं.

परतताना रिक्षात तो आजीच्या मांडीवर झोपला. रेल्वे फाटकापाशी रिक्षा थांबली तेव्हा इंदुबाई म्हणाल्या, "माझ्याच तोंडानं न्हाई म्हणले."

"मावशी, ते अन्न नव्हतंच. रंग आणि मीठ घातलेलं."

"पीठ तर हुतं?"

"पीठ होतं."

"मग?"

घरी गेल्यावर देवापुढे उभी राहिले तेव्हाही ते "मग?" डोक्यात होतं. देवाला विचारायचं तरी काय, तेच जुळेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अमिताच्या फोनवर शाळेचा निरोप आला. ती कपडे न बदलता माझ्या दारात आली, मागोमाग इंदुबाई. आम्ही शाळेत जाऊन आलो होतो हे तिला मॅडमकडूनच कळलं होतं. माझ्याकडे तिनं एकदा रोखून पाहिलं. फोन माझ्यापुढे धरला.

"वाचा ना, ताई. मला कळत नाहीये."

लिहिलं होतं ते असं. गौरांगला नर्सरीत यंदा घेता येणार नाही. पण प्ले-ग्रुपमध्ये, म्हणजे नर्सरीच्या आधीच्या वर्गात, जागा देत आहोत. वेळ दहा ते बारा. नर्सरीचा विचार पुढच्या वर्षी. घरी सुरू असलेलं काम चांगलं आहे, ते चालू ठेवावं.

"म्हंजी पास?" इंदुबाई म्हणाल्या.

"नाही आई, तसं नाही."

"मग नापास?"

"तसंही नाही."

"आगं, मग काय ते सांगा की!"

अमितानं माझ्याच पायरीवर बसून हिशोब मांडला. दहा ते बारा शाळा. डे-केअरवाले मुलाला नऊला घेतात आणि सातला सोडतात, मध्ये नेऊ-आणू देत नाहीत. म्हणजे शाळेत घालायचं तर डे-केअर नाही. डे-केअर तर शाळा नाही. शाळेत घालायचं तर दहाला पोचवायला आणि बाराला आणायला घरात कुणीतरी हवं. ती बोलता बोलता थांबली.

"आई लागतील," ती म्हणाली. आम्हाला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं. मग फोन उघडून तिनं तिकीट रद्द केलं. तेही एकदा चुकीच्या जागी बोट लागून राहिलं, पुन्हा करावं लागलं.

इंदुबाई उभ्याच होत्या. ज्यासाठी त्यांनी दोन महिने जिवाचं रान केलं ते झालं नव्हतं. जे व्हायला नको होतं तेही टळलं होतं. नातू मागे राहिला म्हणून त्या राहणार होत्या. तोंड गोड करायचं की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

"देवापुढं साखर तरी ठिवू का गं?" त्यांनी मला विचारलं.

"ठेवा."

"काय म्हणून ठिवू?"

"नुसतीच ठेवा."

एप्रिलपासून त्या गौरांगला घेऊन जातात. सुरुवातीला त्या घरी परत येतच नसत, गेटसमोरच्या कडुनिंबाखाली बारापर्यंत बसून राहात. पवन नावाचा चौकीदार रोज म्हणायचा, "अम्माजी, घर जाओ, बच्चा यहीं है." त्या मान हलवायच्या आणि बसायच्या. आता ऊन फार तापायला लागलं म्हणून येतात, पण साडेअकरालाच परत निघतात.

परवा गौरांगला घेऊन येताना माझ्याकडे टेकल्या. तो दप्तर टाकून आमच्या फरशीवर लोळला.

"आज ह्यांनी ती कणीक दिली हुती," त्या मला हळू आवाजात म्हणाल्या. "मी इचारलं, काय केलंस? म्हणाला, दिवा. म्हटलं, खाल्लास? म्हणाला, नाही. मग काय केलंस? तर म्हणतो, डब्यात. मीच दाबला."

"आणि रडला का?"

"न्हाई." त्या त्याच्याकडे बघत होत्या. "बाईनं हातावर चांदणी चिकटवलीय, शहाणा म्हणून. रडला असता तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं बघ मला. आन् मग माझी मलाच लाज वाटली."

गौरांगनं उठून त्यांचा पदर ओढला. भूक लागली होती. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि त्याला घेऊन वर गेल्या.